ओपन व्हीस्विचच्या मर्यादा : मॅन्युअलमध्ये आकडा हवा की हिशोब?

धागाकर्ता
ओपन व्हीस्विच म्हणजे व्हर्च्युअल मशीनना (व्हीएम) जोडणारा सॉफ्टवेअर स्विच. त्याचा मुख्य डिमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) ओव्हीएस-व्हीस्विचडी, आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये मर्यादांचा विभाग आहे: एका ब्रिजवर (एका आभासी स्विचवर) ३२ मिरर (वाहतुकीची प्रत पाठवण्याच्या सोयी), एसटीपीत (लूप टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) २५५ पोर्ट, १,०२४ पोर्टांपुढे वेग घसरतो, वगैरे. माझं ठाम मत, यातले बरेच आकडे काढून हिशोब मांडावा. पोर्टांचंच घ्या. डिमनला ६५,५३५ फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइल-सॉकेटांचे क्रमांक) मिळतात. लिनक्स कर्नल डेटापाथच्या (कर्नलमधल्या पॅकेट पुढे पाठवणाऱ्या भागाच्या) जुन्या पद्धतीत जितके हँडलर थ्रेड (कर्नलकडून आलेली अनोळखी पॅकेट हाताळणारे), तितके डिस्क्रिप्टर प्रत्येक पोर्टामागे जातात. १६ कोअरवर आपोआप ११ हँडलर सुरू होतात, म्हणजे सुमारे ५,९५० पोर्ट. ६४ कोअरवर ४७ हँडलर, म्हणजे जेमतेम १,३९०. मोठा सर्व्हर घेतला आणि पोर्ट घटले! एकच आकडा छापून हे कुणाला कळणार? शिवाय आवृत्ती २.१६ आणि कर्नल ५.१५ पासून सीपीयूनिहाय डिस्पॅच (पॅकेट पोर्टाऐवजी सीपीयूनुसार हँडलरकडे सोपवणं) आलं, तिथे हे गणितच लागू नाही.

प्रतिसाद १
असहमत. क्षमता ठरवणाऱ्याला आधी आकडा लागतो. मॅक टेबल (कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टावर, याची नोंद) बघा: मूळ मर्यादा पूर्वी २,०४८ नोंदी, आता ८,१९२. ती भरली की व्हीएमची वाहतूक थांबत नाही. स्विच जुनी नोंद काढून नवी घालतो, आणि जिची नोंद गेली तिच्याकडे जाणारी पॅकेट त्या व्हीलॅनच्या (आभासी उपनेटवर्कच्या) सगळ्या पोर्टांवर फ्लड होतात. लोक दोष एनआयसीचा (नेटवर्क कार्डाचा) समजून तीच बदलत बसतात. आकडा माहीत असेल तर 'कव्हरेज/शो' या आदेशात मॅक_लर्निंग_इव्हिक्टेड (काढलेल्या नोंदींचा गणक) चढतोय का ते पाहायचं सुचतं, मग ब्रिजवर मॅक-टेबल-साइझ वाढवायचा.

धागाकर्ता
तुमच्याच उदाहरणात आकडा चौपट झाला. जुन्या आवृत्तीचं पान वाचून कुणी आजचा ब्रिज आखला, तर?

प्रतिसाद २
त्यासाठी आकड्याशेजारी आवृत्ती लिहा, आकडा पुसू नका. खरी चूक वेगळीच आहे: ३२ मिरर ही भिंत आहे, मॅक टेबल ही बदलता येणारी सेटिंग, आणि कर्नल फ्लो (कर्नलमध्ये साठवलेले पॅकेट पुढे पाठवण्याचे नियम) ही सरकती मर्यादा. तिन्ही एकाच यादीत टाकल्याने घोळ होतो. फ्लो-लिमिट मुळात २,००,०००, पण रीव्हॅलिडेटरच्या (हे फ्लो तपासत राहणाऱ्या थ्रेडच्या) एका फेरीला ४ सेकंद लागले तर मर्यादा चौथाईवर येते. फ्लो त्या मर्यादेवर गेले की निष्क्रिय फ्लोंची मुदत १० सेकंदांवरून १०० मिलिसेकंदांवर उतरते, अपकॉल (कर्नलने व्हीस्विचडीकडे पाठवलेली पॅकेट) वाढतात आणि व्हीस्विचडी सीपीयू खातो. 'अपकॉल/शो'तली लिमिट हीच त्या क्षणाची खरी मर्यादा. ती कागदावर '२ लाख' अशी गोठवणं मला धोक्याचं वाटतं.

प्रतिसाद १
फ्लोबाबत मान्य. ओपनफ्लो टेबलबाबतही (कंट्रोलरने दिलेल्या नियमांचं टेबल), कारण तिथे नियमांच्या संख्येपेक्षा वेगवेगळे मास्क (पॅकेटमधली कोणती फील्ड जुळवायची याचे नमुने) किती यावर शोधाचा वेळ ठरतो. पण १,०२४ पोर्टांचं वाक्य राहायलाच हवं. स्थिर आकाराचं हॅश टेबल हे कारणही तिथेच दिलं आहे.

धागाकर्ता
कारण आहे, पण वेग किती घसरतो, हे नाही. १,०२४ आणि ४,०९६ पोर्टांवरची मोजणी, कोअर आणि कर्नल आवृत्तीसह, त्या वाक्याखाली द्या. मग माझी हरकत नाही.