मदत हवी आहे : हार्ड डिस्क टकटक करतेय, आणि काकांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

१ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. बाबांच्या एकसष्टीपासूनचे सगळे फोटो तिच्यावरच, दुसरी प्रत नाही. गेल्या आठवड्यात एकेक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागायला लागली. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळी, म्हणजे सावधानतेची खूण, 'करंट पेंडिंग सेक्टर'चा (नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा) आकडा वाढलेला.

सोसायटीतले एक काका निवृत्तीनंतर सगळ्यांचे कॉम्प्युटर फुकट बघतात. फार मायाळू माणूस. म्हणाले, "चेकडिस्क स्लॅश आर लाव आणि रात्रभर चालू दे." खराब होत आलेल्या डिस्कवर ही विंडोजची तपासणी-दुरुस्तीची कमांड चालवू नये, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण काका स्वतः वर येऊन, चष्मा लावून कमांड टाइप करून देत होते. तोंडातून "नको" निघेना. सकाळी बघते तर काम मध्येच अडकलेलं आणि डिस्कमधून टकटक आवाज. आता त्यांचा मेसेज आलाय, "फ्रीजरमध्ये ठेवून बघ गं."

डिस्क काढून ठेवलीय. डीडीरेस्क्यू (बिघडत्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम) चालवू का? आणि काकांना न दुखावता काय सांगू? उद्या ते दुसऱ्या कुणालातरी हेच सांगतील.

प्रतिसाद :
ताई, आता वीज अजिबात देऊ नका. आवाज नसता तर लाइव्ह लिनक्सवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या सिस्टिमवरून) डीडीरेस्क्यूच सुचवलं असतं. ते आधी वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर घेतं, अडलेले सेक्टर शेवटी. टकटक म्हणजे बहुधा हेड (डेटा वाचणारं टोक) बिघडलंय. ते प्लॅटरपासून (आतल्या फिरत्या चकतीपासून) काही नॅनोमीटरवरच तरंगतं, घासलं तर फोटो कायमचे जातात. फ्रीजर तर नकोच, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. क्लीन रूम (धूळ नसलेली खास खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे द्या, खर्च आधी लेखी घ्या.

चेकडिस्क फाइल सिस्टिम दुरुस्त करायला आहे, डेटा वाचवायला नाही. काकांना एवढंच सांगा : आधी प्रत, मग दुरुस्ती. 'तुमच्यामुळे झालं' म्हणू नका, पण काय झालं ते लपवूही नका.

धागाकर्ती :
डिस्क आज दिली. काकांना जिन्यात सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बी विंगमधल्या दोघांनाही मी हेच सांगितलंय. थांब, आधी त्यांना फोन करतो."