अ‍ॅटोसेकंदाला मराठी शब्द हवाच का?

पाटीपेन्सिल: मुलांच्या अंकासाठी २०२३च्या भौतिकीच्या नोबेलवर लेख लिहिलाय. अगोस्तिनी, क्राउस, ल्युइलिए यांचे अ‍ॅटोसेकंदांचे प्रकाशस्पंद. संपादकांनी सगळीकडे ‘अ‍ॅटोसेकंद’ खोडून ‘क्षणांश’ केलं. नील्स बोर यांच्या अणुप्रारूपात हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनची एक फेरी साधारण १५० अ‍ॅटोसेकंदांची. ‘१५० क्षणांश’ वाचून मुलांना काय कळणार? नेमका शब्द सुचवा.

गोदाकाठ: ‘परार्धांश’ घ्या. एकं, दहं, शतं करत गेलं की परार्ध अठरावा, आणि अ‍ॅटो म्हणजे दहाचा उणे अठरावा घात.

आकडेमोड: अठरावा खरा, पण मोजणी एकंपासून. म्हणजे परार्धात एकावर सतराच शून्यं. तुमच्या शब्दाने लेखातला प्रत्येक आकडा दहा पटींनी चुकेल. ‘अब्जांशाचा अब्जांश’ मात्र चोख बसतं.

रानजाई: आपली ‘त्रुटी’ असताना ही जुळवाजुळव कशाला?

आकडेमोड: भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तली त्रुटी निमिषाचा तीन हजारावा भाग, म्हणजे सुमारे ३० मायक्रोसेकंद. एका त्रुटीत तीस लाख कोटी अ‍ॅटोसेकंद मावतात. शिवाय आज त्रुटी म्हटलं की उणीवच आठवते.

कोकणकडा: अ‍ॅटो इंग्रजी नाहीच मुळी. डॅनिशमध्ये ‘आतेन’ म्हणजे अठरा, ‘फेम्तेन’ म्हणजे पंधरा. त्यावरून अ‍ॅटो आणि फेम्टो. १९६४मध्ये जगाने ते स्वीकारले, इंग्रजीनेही जसेच्या तसे घेतले. माझ्या बहिणीच्या डोळ्यांवर फेम्टोसेकंद लेझरने शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून आमची आईसुद्धा ‘फेम्टो’ म्हणते. सेकंद चालतो, मग अ‍ॅटो का नको?

रानजाई: कारण असंच एकेक करून सगळं जातं. आजोळी मावशीच्या लग्नात घटिकापात्र ठेवलं होतं. घंगाळात पाणी, त्यावर बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाणी काठाशी आलं की वाटी जराशी कलायची आणि बुडुक करून तळाला जायची. झाली एक घटका, २४ मिनिटं. तिचा साठावा भाग पळ, पळाचा साठावा विपळ. पळणाऱ्या वेळेला ‘पळ’ म्हणणारी आपली भाषा!

गोदाकाठ: ताई, पळ संस्कृत ‘पल’वरून आलाय. पल हे वजनाचंही माप होतं, त्याचा पळण्याशी संबंध नाही. ‘लवकर’मधला ‘लव’ मात्र मला कालमापनातलाच वाटतो.

कोकणकडा: छे, तो ‘लघु’वरून असणार.

पाटीपेन्सिल: अंक शुक्रवारी छापायला जातोय. ‘अ‍ॅटोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश’ असं लिहू का?

रानजाई: लघु कसा? ‘डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच’ म्हणतो ना आपण? आजी तर ‘पातं लवायच्या आत ये’ म्हणायची, म्हणजे लवकरच ये. तो ‘लव’ धरा.

गोदाकाठ: ते लवणं वाकण्याचं. ‘लवभर’ म्हणतो त्यातला लव बघा.