अनुभव धागा: जुनी बोट सुधारावी की नवी घ्यावी?

आमच्याकडे फायबरची चौदा फुटी बोट आहे, अंभोऱ्याला गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये चालते, मासेमारीला पण अन् घरच्यांना फिरवायला पण. टू-स्ट्रोक इंजिन आता थकलं, सकाळी दोरी ओढून ओढून खांदा निघतो. लहान भाऊ म्हणतो फक्त नवीन फोर-स्ट्रोक बसवू, काका म्हणतात बोटच बदलून टाक. ज्यांनी यातलं काही केलं असेल त्यांनी लिहा, किंमती राहू द्या, का केलं ते सांगा.

कुहीहून
भाऊ, इंजिनाचं नंतर, आधी इंजिन जिथं लटकते ती मागची फळी पाहा. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा, ठणठण वाजली तर बरं, भद्द वाजली तर आतला प्लाय कुजला समजा. आमच्या बोटीचा रंग वरून चकाचक होता पण खालचा एक बोल्ट काढला तर छिद्रातून तपकिरी पाणी निघालं अन् मागून ओला भुसा, बोटानं खरडला तरी निघत होता. तळ मात्र ठणठणीत होता म्हणून विकली नाही. आतून फायबर कापलं, कुजलेलं सगळं काढलं, पूर्ण वाळू दिलं (ओल्यावर रेझिन, म्हणजे फायबर चिकटवायचा द्रव, धरतच नाही, इथं कारागिराले घाई करू देऊ नका), मग मरीन प्लाय बसवून वरून फायबर चढवलं अन् बोल्टचं प्रत्येक छिद्र सीलंटनं भरलं. अजून चालून राहिली. तळच नरम असता तर मी एक रुपया लावला नसता.

रामटेक
खिंडसी तलावाजवळ राहतो. आम्ही फक्त इंजिन बदललं. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली, पेट्रोल कमी लागते, आवाज कमी. पण तेवढ्याच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक बहुतेक वेळा वजनी असते, आमची बोट मागून दबली अन् अचानक थ्रॉटल सोडला की मागची लाट आत यायची. टाकी अन् बॅटरी पुढं सरकवली तेव्हा बोटीचा तोल जमला. घ्यायच्या आधी मागच्या फळीची उंची मोजा, शॉर्ट शाफ्टला (इंजिनाचा खाली पाण्यात जाणारा भाग आखूड) १५ इंच, लाँगला २०, चुकलं तर पंखा (प्रोपेलर) हवा घोटतो नाहीतर उगाच खोल ओढत राहतो.

पवनीकडून, ताई
आमचा सागाचा डोंगा होता सासऱ्यांच्या वेळचा. उन्हाळ्यात काठावर पडला की फळ्या सुकून भेगा पडायच्या, मग पाण्यात बुडवून ठेवायचा, लाकूड फुगलं की भेगा मिटायच्या. कोणी सांगितलं फायबर चढवा म्हणून चढवलं, तर सागाले तेल असते, ते फायबर वर्षभरात पापुद्र्यासारखं सुटलं अन् मधात पाणी अडकून लाकूड आतून सडलं. खाऱ्या पाण्यात लाकूड जरा टिकते, आपल्या गोड्या पाण्यात बुरशी लवकर लागते. मग नवीन फायबरचीच घेतली. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मासेमारांना बोट बदलायला अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला अन् अनुसूचित जाती-जमातीला ६०, म्हणून अर्ज माझ्या नावानं केला. आधी बोट घेऊन बिल नेऊ नका, मंजुरी येऊ द्या.

हिंगणा रोड
मी सरळ नवीन घेतली. जुनीचा तळ पायाखाली लचकत होता, आणखी काही पाहायची गरजच नव्हती.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल ठोकून पाहिलं, तळ पूर्ण कडक आहे, मागच्या फळीत उजवीकडं एका कोपऱ्यात भद्द वाजते. बोट ठेवतोय, आधी फळी, मग इंजिन. इंजिन घेतलं तर ते उद्या दुसऱ्या बोटीवर पण लावता येईल, हे काकांना पण पटलं. बॅकवॉटरमध्ये पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट लागतात, पंख्याची शिअर पिन (धक्का बसला की इंजिन वाचवायला आधी तुटणारी छोटी पिन) तुटते, तर जास्तीच्या पिना अन् वल्हं बोटीत राहीलच.

कुहीहून
बढिया. अन् दादा कागदं पाहून घ्या, इंजिनच्या बोटीले अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ खाली सर्व्हे (बोटीची तपासणी) अन् नोंदणी लागते, इंजिन बदललं की नोंदीतलं इंजिन पण बदलून घ्या.