"यात तू कुठायस?" : स्वतःकडे पहिल्यांदा पाहिलं, तो अनुभव

माळा आवरताना आज जुनी शंभर पानी वही सापडली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) बारा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीची. एएवाल्यांना सांगायला नकोच, स्वतःचा झाडा लिहून काढायचा असतो. पहिली दोन पानं नुसती बायको, सासरे, साहेब, सगळ्यांच्या चुका. स्पॉन्सरने, म्हणजे एएतल्या माझ्या वाट दाखवणाऱ्या जुन्या सोबत्याने, वाचलं नि एवढंच विचारलं, "यात तू कुठायस?" आठ दिवस वही उघडवेना. मग एक ओळ लिहिली : 'धाकटीच्या सहलीचे चारशे रुपये मी घेतले. आळ आईवर गेला.' दारू त्याआधी तीन महिने बंद होती, पण माझी सुरुवात त्या ओळीपासून. तुमची कुठून झाली?

रानजाई : मी बायकोच्या बाजूची. नवरा मुक्तांगणला, पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात, होता. मला वाटायचं बदलायचंय ते त्याला. तिथल्या बायकांच्या सहचरी ग्रुपमध्ये बसल्यावर कळलं, त्याच्या ऑफिसात "ताप आलाय हो" असे फोन इतकी वर्षं मीच करत होते. कुकर लावलाय, आलेच.

वडाची_पारंबी : मुक्तांगण १९८६ ला सुरू झालं ते गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) नादी लागलेल्या पोरांसाठी. माझा भाऊ त्यातलाच. केंद्र सुरू करणाऱ्या अनिता (अवचट) मॅडम ओरडायच्या नाहीत, तो म्हणायचा, म्हणून खोटं बोलवायचं नाही. पुलं-सुनीताबाईंनी पैसे दिले होते ना सुरुवातीला?

रानजाई : हो, एक लाख. तेव्हाचे!

कोकणकडा : मला थांबायची इच्छाच नव्हती. पाऊस लागला म्हणून एएच्या मीटिंगच्या खोलीत शिरलो, वर चहा मिळाला. म्हणाले, इथे अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. म्हटलं, नाहीये. एक म्हातारे म्हणाले, "बरं, ती इच्छा व्हावी असं तरी वाटतं का?" ते वाटत होतं. सात वर्षं झाली.

शेवग्याची_शेंग : रोज पिणाऱ्यांनी घरच्या घरी एकदम बंद करू नका, हात जोडून सांगते. काकांना तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, अंग थरथर, घाम. फिट येऊन जिवावर बेतलं असतं, डॉक्टर म्हणाले.

वडाची_पारंबी : रानजाई, कुकर झाला का?

रानजाई : झाला, वरण ऊतू गेलं 😄 धागाकर्ते, चारशे रुपयांचं पुढे?

धागाकर्ता : धाकटीला सांगितलं. रडली, मग म्हणाली मला माहीत होतं. आईला सांगायचं राहिलं ताई. ती त्याआधीच गेली.

रानजाई : 🙏

नवा_आलो : मी अजून पितो. रोजची क्वार्टर, सुट्टीला जास्त. सगळं वाचलं. कागद घेतलाय, काही सुचत नाहीये.

धागाकर्ता : आजची तारीख टाक नुसती. एवढ्यावर ठेवलास तरी चालेल.

नवा_आलो : टाकली. उद्यापासून बंद.

शेवग्याची_शेंग : दादा, उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे. किती पिता ते खरं सांगा, कमी करून नको. घरातलं कुणी बरोबर येईल का?

नवा_आलो : बहिणीला विचारतो.