विषय: कोल्हापुरात कोळंबीचा पास्ता मागवायचाय

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आम्ही पंधरा दिवस कोल्हापूरला येतोय, नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. मुलं इथे बॉस्टनला वाढलेली, तांबडा-पांढरा आवडीने ओरपतात पण रोज नाही ना जमत, आणि धाकटीचा सगळा जीव सी-फूड पास्त्यावर. मागच्या खेपेला एका चांगल्या दिसणाऱ्या हॉटेलात मागवला तर पांढऱ्या सॉसमध्ये मक्याचे दाणे, सिमला मिरची आणि गोडसर लाल-पांढरे तुकडे, पोरीने एक घास खाऊन प्लेट सरकवली आणि मला फार वाईट वाटलं. नेमकं काय मागायचं आणि कसं सांगायचं, कुणी सांगाल का?
(बॉस्टनहून)

---

ताई, नमस्कार.
मी परत कोल्हापूरला येऊन चार वर्षं झाली आणि यातली दोन वर्षं मी याच गोष्टीच्या मागे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ते लाल-पांढरे तुकडे म्हणजे क्रॅब स्टिक, त्यात बहुतेक वेळा खेकडा नसतोच, पांढऱ्या माशाचा लगदा करून वर रंग दिलेला असतो. मेनूत नुसतं 'सी-फूड पास्ता' लिहिलं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की आत नक्की काय काय घालता. 'फिश' म्हणाले तर कुठला ते विचारा, बऱ्याचदा बासा निघतो, तो नदीतला मासा, वाईट नाही पण त्याला समुद्राची चव कुठून येणार!

माझं स्पष्ट मत, कोल्हापुरात कोळंबीच मागवा. रत्नागिरीची मासळी आंबा घाटातनं येते, मालवणकडची गगनबावड्यावरनं किंवा फोंड्यावरनं, तीन-चार तासांचा रस्ता, आणि कोळंबी बर्फात तेवढा प्रवास नीट सोसते. डिसेंबर चांगला महिना आहे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते तेव्हा सगळा फ्रोझन माल असतो, तुमच्या वेळेला तो प्रश्न नाही. फक्त गुरुवारी जाऊ नका, मार्गशीर्षातले गुरुवार पाळणारी घरं भरपूर, त्यामुळे मासळीला उठाव नसतो. बुधवार, शुक्रवार, रविवार यातला दिवस धरा.

आता सांगायचं कसं. इथे वेटर विचारतो 'रेड, व्हाइट का पिंक?' तुम्ही रेड म्हणा आणि लगेच पुढे सांगा की क्रीम नको, चीज नको, मका नको. इटलीत माशांच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत, त्याने माशाची चव दबते, आणि हे इथल्या आचाऱ्याला पटतं कारण आपण तरी सुरमईच्या कालवणात दूध कुठे घालतो? पास्ता आत्ताच शिजवा, आम्ही थांबतो, हेही सांगा. बऱ्याच ठिकाणी सकाळीच शिजवून तेल लावून ठेवलेला असतो, तो सॉसमध्ये गेला की गिचका होतो.

मागे एकदा मी हे सगळं सांगितलं तर आचारी स्वतःच बाहेर आला, हातात स्टीलच्या वाटीत सालासकट कोळंबी, म्हणाला, "साहेब, क्रीम न्हाई, चीज न्हाई, मग दाट कसं हुणार?" मी म्हटलं पास्ता शिजवलेलं पाणी टाकू नका, भाताच्या पेजेसारखं असतंय ते, डावभर घाला बघा. मग त्याने तेलात लसणाचे काप आणि सुकी मिरची परतली, कोळंबीची डोकी त्यातच दाबून दाबून परतली आणि काढून टाकली, मग टोमॅटो, मग पास्ता आणि ते पाणी, आणि सोललेली कोळंबी अगदी शेवटी, दोन मिनिटं. ताई, सॉस असा चकचकीत धरला होता पास्त्याला की प्लेटच्या तळाला पाणी सुटलं नव्हतं, आणि कोळंबी नुसती वाकलेली, घट्ट गुंडाळी झालेली नव्हती. गुंडाळी झाली की समजायचं जास्त शिजली, रबर.

हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही, इथे आचारी बदलला की चव त्याच्याबरोबर जाते. आदल्या दिवशी फोन करून विचारा कोळंबी ताजी आहे का, आणि दुपारी उशिरा जा, गर्दी नसली की आचारी ऐकून घेतो. मिरचीचं मात्र आधीच सांगा, लेकरासाठी एकच सुकी मिरची, नाहीतर इथला हात तुम्हाला माहितीच आहे.
(ताराबाई पार्क, कोल्हापूर)

---

दादांनी सगळं बरोबर लिहिलंय, मी रत्नागिरीची म्हणून थोडी भर. ताई, एक दिवस काढून खाली आमच्याकडे उतरणार असाल तर तिसऱ्या घ्या, इटलीत नेपल्सकडे स्पॅगेटी अल्ले वोंगोले करतात ती अशाच शिंपल्यांची, लसूण, तेल, पार्सली, बस. तिसऱ्या आधी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, वाळू सुटते, मग झाकण ठेवून वाफ द्या, ज्या उघडणार नाहीत त्या टाकून द्या. सुटलेलं पाणी गाळून पास्त्यात घालायचं, वेगळं मीठ जवळजवळ लागत नाही. कोथिंबीर घातली तरी छान लागतं, मी तशीच करते. आणि गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, मिळाली तर सोडू नका, सार्डिनियात बोईची गाबोळी खारवून वाळवतात आणि पास्त्यावर किसून घालतात, बोत्तार्गा म्हणतात तिला, आपली ताजी असते म्हणून किसता येत नाही पण तेलात लसणाबरोबर कुस्करून परतली की पास्त्याला फार सुंदर लागते. हॉटेलात कुणी देणार नाही हे, पण लग्नघरात गॅस रिकामा मिळाला तर मला फोन करा, मी बाजूला उभं राहून सांगते.
(मूळची रत्नागिरीची, सध्या न्यू जर्सी)

---

दोघांचेही मनापासून आभार. शुक्रवार ठरवला, आदल्या दिवशी फोन करणार. धाकटीला वाचून दाखवलं तर ती विचारतेय की डोकी काढून का टाकतात, तिला चोखायची आहेत. तसं सांगितलं तर आचारी ठेवेल ना?
(बॉस्टनहून)