‘सहकारी’ अध्ययन की ‘सहयोगी’ अध्ययन?

करवीरकर:
एम.एड.च्या लघुशोधप्रबंधाचा आराखडा द्यायचाय. नववीतली मुलं दोघं-दोघं एका संगणकावर बसून भूमिती शिकतात, तेव्हा त्यांच्यात काय घडतं हा विषय. या क्षेत्राला इंग्रजीत ‘कंप्युटर सपोर्टेड कोलॅबरेटिव्ह लर्निंग’ म्हणतात. मी शीर्षकात ‘संगणक-सहाय्यित सहकारी अध्ययन’ लिहिलं होतं. मार्गदर्शक बाईंनी ‘सहकारी’भोवती लाल गोल काढून वर ‘सहयोगी’ लिहिलं. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत दोन्ही शब्द येतात आणि बरेचदा एकाच अर्थानं. खरंच काही फरक आहे, की बाईंची नुसती आवड?

पंचगंगातीर:
कोल्हापुरात ‘सहकारी’ म्हटलं की साखर कारखाना, दूध संघ न्हाईतर सोसायटी. पोरं भूमितीला बसलीत का सर्वसाधारण सभेला, तेच कळायचं न्हाई. बाईंचं ऐका.

कानामात्रा:
त्याआधी ‘सहाय्यित’ दुरुस्त करा. ‘सहाय’ म्हणजे मदतनीस, त्यावरून ‘सहायक’. मदत या अर्थी शब्द ‘साहाय्य’, म्हणून ‘साहाय्यित’. ‘सहाय्य’ सरकारी पाट्यांवर सर्रास दिसतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.
राहिला ‘सहयोगी’. विद्यापीठात ‘सहयोगी’ म्हटलं की पुढं ‘प्राध्यापक’ आपोआप येतं. म्हणजे अडचण त्याही शब्दाला आहेच.

खडूफळा:
फरक आहे, आणि तुमच्या विषयाचा तर तो गाभाच आहे. जेरेमी रोशेल आणि स्टेफनी टीझली यांचा 1995चा लेख मिळवून वाचा. वेग आणि त्वरण पडद्यावर बाणांनी दाखवणारा एक प्रोग्रॅम, त्यापुढं बसलेली दोन मुलं आणि त्यांचं उतरवून घेतलेलं संभाषण, एवढ्यावर तो उभा आहे. लेखकांच्या मते काम वाटून घेऊन पुरं केलं तर ते कोऑपरेटिव्ह. प्रश्नाची एकच समज दोघांनी मिळून उभी करायची आणि ती टिकवायची धडपड चालू असेल, तर ते कोलॅबरेटिव्ह.

पंचगंगातीर गमतीनं बोलले, पण कारखाना इथं चपखल बसतो. प्रत्येक सभासदाचा ऊस वेगळा येतो, वजनकाट्यावर वेगळा मोजला जातो, पावतीही वेगळी. एकत्र होतं ते गाळप. आपल्या शाळांतले बहुतेक ‘गटप्रकल्प’ अगदी असेच असतात. एकानं चित्रं शोधली, दुसरीनं मजकूर टंकला, तिसरा वर्गापुढं बोलला आणि चौथ्याचं नाव शेवटच्या स्लाईडवर. प्रत्येकाला आपापला तुकडा येतो, अख्खा विषय कुणालाच नाही. याला ‘सहकारी’ म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

आता जिओजेब्रा या भूमितीच्या प्रोग्रॅममध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढणाऱ्या दोन मुलींचं बोलणं घ्या:
‘ओढ की अजून खाली.’
‘थांब. वरचा कोन वाढला की हे दोन्ही कमी व्हाय लागलेत.’
‘दोन्ही न्हाई, एकच.’
‘परत ओढ. हळू. बघ आता.’
यातली समज अमुक एकीची असं म्हणता येत नाही. ‘सहयोगी’ हवा तो इथं.

दुसरी गोष्ट त्या ‘साहाय्यित’ची. 1960च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक सूपीझ संगणकावर मुलांकडून अंकगणिताचा सराव करून घेत होते. तिथं संगणक गणित पुढं टाकतो, उत्तर तपासतो, म्हणजे साहाय्य अध्यापनाला. तुमच्या क्षेत्रात साहाय्य आहे ते सहयोगाला. टोरोंटोत मार्लिन स्कार्डामालिया आणि कार्ल बेराइटर यांनी 1980च्या दशकात एक सामायिक टिपणवही संगणकावर आणली. मुलं त्यात टिपणं लिहीत, इतर मुलं त्यांत भर घालत. टिपणाला सुरुवात करून द्यायला ‘माझा अंदाज असा’, ‘मला हे समजून घ्यायचंय’ अशी शब्दांची टेकणं दिलेली. संगणक स्वतः काही शिकवत नव्हता. म्हणून तुमच्या शीर्षकात ‘संगणक-साहाय्यित’ हे ‘सहयोगी’ला अगदी लागून यायला हवं. मध्ये ‘भूमिती’ घुसवलीत तर अर्थ बिघडेल.

करवीरकर:
कळलं, पण नवी पंचाईत. प्राथमिक निरीक्षणात एकाच जोडीत दोन्ही दिसतंय. माऊस ज्याच्या हातात तो करतो, दुसरा वहीत माप लिहितो. ही वाटणीच झाली ना?

खडूफळा:
एवढ्यावर ठरवू नका. नाओमी मियाके यांचा 1986चा अभ्यास आहे, विषय शिलाई मशीन. टाका नक्की पडतो कसा, हे दोघांनी मिळून शोधायचं. तिथंही एक करतो, दुसरा बघतो, टीका करतो. पण भूमिका बदलत राहतात, आणि बघणाऱ्याला दुरून वेगळं दिसतं. तेव्हा माऊस कुणाकडं आहे यापेक्षा तो कधी आणि कशामुळं हात बदलतो, हे नोंदवा. तासभर एकाकडेच राहिला, तर ‘सहकारी’सुद्धा म्हणू नका. एकटा शिकतोय, दुसरा कारकुनी करतोय.

मळ्याकडचा:
संस्कृत शब्दच कशाला? आमच्याकडं ‘पैरा’ आहे. आज सगळे तुझ्या रानात, उद्या माझ्या.

कानामात्रा:
शब्द देखणा आहे, पण पैऱ्यात फेड असते. आज आलास तर उद्या मी आलोच पाहिजे. भूमितीत कोण कुणाची फेड करणार? शिवाय आराखड्यावर सही मिळणार नाही.

करवीरकर:
मग शीर्षक ‘संगणक-साहाय्यित सहयोगी अध्ययन: नववीच्या भूमितीतील जोड्यांच्या संवादाचा अभ्यास’. ‘सहकारी’ मी टाकून देत नाही. कार्यात्मक व्याख्येत दोन्ही शब्द शेजारीशेजारी देते: काम वाटलं तर सहकारी, समज दोघांची मिळून घडली तर सहयोगी. निरीक्षणाच्या तक्त्यात ‘माऊस हस्तांतर’ असा रकाना वाढवलाय. ‘हस्तांतर’ फारच सातबाऱ्यासारखं वाटतंय, दुसरं काही सुचतं का?

पंचगंगातीर:
‘माऊस कुणाकडं’ लिवा की सरळ.