टॉप गिअर: क्लार्कसन गेल्यावर खरंच काही उरलं होतं का?

चौथागिअर:
काल रात्री झोप येईना म्हणून होस्टेलच्या काळातली जुनी हार्ड डिस्क काढली, त्यात टॉप गिअरचा, म्हणजे बीबीसीच्या त्या गाड्यांच्या शोचा, भारत स्पेशल सापडला, डिसेंबर २०११ चा. तिघं सूत्रसंचालक म्हाताऱ्या गाड्या घेऊन येतात, जेरेमी क्लार्कसनची जॅग्वार, जेम्स मेची रोल्स रॉइस, रिचर्ड हॅमंडची मिनी, आणि लोकलपेक्षा गाडीने डबे लवकर पोचतील असं ठरवून मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये घुसतात. पुढचं मुंबईकराला सांगायला नको. इतका हसलो की बायको उठून आली. मग म्हटलं होऊन जाऊ दे तुलना, २०१६ चा, नवा सूत्रसंचालक ख्रिस इव्हान्सवाला पहिला एपिसोड लावला. वीस मिनिटांत बंद.

शूटिंगची डन्सफोल्डची धावपट्टी तीच, हेल्मेटमागे तोंड लपवणारा ड्रायव्हर स्टिग तसाच, पाहुण्याला बोलावून लॅप मारायला लावायचं तेही तेच, फक्त आता रॅलीक्रॉसची मिनी आणि चिखल. आणि हा माणूस प्रत्येक वाक्य ओरडून बोलतोय, शेवटच्या शब्दाआधी थांबायची क्लार्कसनची लकबसुद्धा उचललेली. आमच्या गल्लीत गणपतीच्या ऑर्केस्ट्रात एकजण किशोरकुमार गायचा. आवाज वाईट नव्हता हो, पण तो स्वतःच्या गळ्याने गायला असता तर लोक दुसऱ्या गाण्याला चहाला उठले नसते.

माझं स्पष्ट मत, हा शो म्हणजे ती तीन माणसं होती. मार्च २०१५ ला ती शो सोडून गेली तेव्हाच बीबीसीने शटर ओढायला हवं होतं. बोला.

कर्जतलोकल:
असहमत. वीस मिनिटं बघून पुढच्या सहासात वर्षांचा निकाल लावणार तुम्ही? भारी आहे.

आणि "ती तीन माणसं" काय आकाशातून पडली होती का. टॉप गिअर १९७७ पासूनचा, तेव्हा साधा गाड्यांची माहिती देणारा कार्यक्रम, २००१ ला बंद पडला, मग क्लार्कसन आणि निर्माता अँडी विलमनने २००२ ला नव्याने मांडला. म्हणजे तुमचा लाडका टॉप गिअर हाच मुळात रिमेक! आणि त्या पहिल्या सीझनला जेम्स मे नव्हताच, जेसन डॉ नावाचा तिसरा होता, मे आला २००३ ला. तेव्हा कोणी म्हटलं असतं की डॉशिवाय मजा नाही, तर? लोणचं मुरायला वेळ लागतो. इव्हान्सला एक सीझन मिळाला, सहा एपिसोड.

चौथागिअर:
मिळाला नाही, त्याने सोडला. तीन वर्षांचं ठरलं होतं असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं, शेवटचा एपिसोड झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी गडी राजीनामा देऊन मोकळा. पहिल्या रात्रीचे प्रेक्षक ४४ लाख, शेवटच्या रात्रीचे १९ लाख. मुरायच्या आधीच बुरशी आली लोणच्याला.

कर्जतलोकल:
त्या शेवटच्या रात्री, म्हणजे ३ जुलै २०१६ ला, त्याच वेळी युरो फुटबॉलची फ्रान्स विरुद्ध आइसलंड क्वार्टर फायनल चालू होती. आकडा सांगताना हेही सांगा की.

लेस्टरकर:
इथे इंग्लंडात राहून हे सगळं बघितलंय म्हणून दोन शब्द. चौथागिअर भाऊ, "ती माणसं गेली" असं तुम्ही लिहिताय जसं काही बदली होऊन गेली. दिवसभराचं शूटिंग संपवून साहेब उशिरा हॉटेलात पोचले, गरम जेवण मिळेना, थंड काहीतरी समोर आलं, तर स्वतःच्याच प्रोड्युसरला शिव्या घातल्या आणि हात उचलला. ओठ फुटला त्या पोराचा. आणि आधीच्या वर्षी शेवटची वॉर्निंग मिळालेली होती. बीबीसीने कॉन्ट्रॅक्ट पुढे नेलं नाही, दुसरं काय करणार होते? आरती ओवाळणार? आमच्या ऑफिसात तेव्हा दोन तट पडले होते, अर्धे म्हणत होते की एका जेवणासाठी एवढा मोठा शो घालवला, म्हणजे दोष जेवणाचा! त्याला परत घ्या म्हणून दहा लाखांवर सह्या झाल्या आणि त्या बीबीसीत द्यायला लोक रणगाडा घेऊन गेले, स्टिगचे कपडे घातलेला माणूस वर बसवून. खोटं नाही सांगत.

पण इव्हान्सबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. बीबीसी ज्यावर चालते त्या टीव्ही लायसन्सचे वर्षाला १४५ पौंड ५० पेन्स भरत होतो तेव्हा, आणि त्यातले काही त्या ओरडण्यावर गेले याचं दुःख आजही आहे.

चौथागिअर:
लेस्टरकर, मारामारीचं समर्थन मी करतच नाहीये. काढलं ते बरोबरच केलं. मी म्हणतो काढल्यावर दुकानाची पाटी तीच ठेवून आत दुसरा आचारी का बसवला, आणि वर त्याला सांगितलं असणार की भाजीची चव तीच हवी. नवीन नावाने नवीन शो करायचा. क्लार्कसन मंडळींनी तेच केलं ना, ॲमेझॉनवर जाऊन ग्रँड टूर काढली.

कर्जतलोकल:
ग्रँड टूर नवीन शो?? तीच तीन माणसं, तीच भांडणं, स्टुडिओऐवजी तंबू. त्याला तुम्ही कॉपी नाही म्हणणार, बरोबर आहे, घरचं कार्टं ना.

वाफाळताचहा:
तुम्ही दोघं बाप्यांचीच मापं काढत बसा. त्या २०१६ च्या टीममध्ये एक बाई पण होती, जर्मन रेसर सॅबिन श्मिट्झ, तिचं नाव अजून एकालाही आठवलं नाही.

जुन्या शोमध्ये, २००५ च्या आसपास, क्लार्कसनने जॅग्वार डिझेलमध्ये न्युरबुर्गरिंगचा एक लॅप दहा मिनिटांच्या आत मारला आणि काय तो तोरा. जर्मनीतला तो वीस किलोमीटरवरचा वळणावळणाचा ट्रॅक, बाईसाठी घरचं अंगण. ती म्हणाली हा वेळ तर मी व्हॅनमध्ये पण काढेन. आणि खरंच डिझेल फोर्ड ट्रान्झिट घेऊन उतरली, आपल्याकडे टेम्पो म्हणतात तसली, वजन कमी करायला आतलं सामान उचकटून टाकलं, आणि सुटली. वळणावर व्हॅन अशी काही कलायची की मी सोफ्यावर बसल्या जागी उलट्या बाजूला झुकायचे. १० मिनिटं ८ सेकंद. थोडक्यात हुकलं, पण काय बाई! हसत हसत चालवत होती आणि मधल्यामध्ये इतर गाड्यांना ओव्हरटेक.

अशी बाई हाताशी असताना २०१६ ला तिला दिलं काय, तर इव्हान्सला शेजारी बसवून गाडी पळव आणि त्याला उलट्या करायला लाव. माझा राग या गोष्टीवर आहे. सूत्रसंचालक म्हणून तिला मधोमध उभी करायची होती, शो आपोआप नवा झाला असता. मार्च २०२१ ला गेली बिचारी, कॅन्सरने, ५१ व्या वर्षी.

चौथागिअर:
ताई, हे मान्य. ट्रान्झिटवाला भाग मीपण दहाबारा वेळा बघितलाय.

मिस्त्रीअण्णा:
माझं गॅरेज आहे, पोरं मोबाईलवर हा शो लावतात म्हणून अधूनमधून बघितला. कोणाला राग येऊ दे, पण क्लार्कसनला गाडीतलं काही कळत असेल असं मला कधी वाटलं नाही, हातात हातोडा सोडून दुसरं हत्यार बघितलं नाही त्याच्या. तो गाडीवर बोलतो भारी, ती वेगळी कला. मे मात्र आमच्यातला माणूस, एकेक बोल्ट पुसून जागेवर ठेवणारा. असलं गिऱ्हाईक गॅरेजला आलं तर डोकं खाईल पण पैसे देताना घासाघीस करणार नाही.

नंतरच्यांपैकी ख्रिस हॅरिस. तो पोरगा गाडी आडवी घालून एका हाताने स्टिअरिंग सांभाळत तुमच्याशी बोलतो, आणि सांगतो काय तर मागचं चाक कधी सुटणार हे सीटमधून कसं कळतं. हे शंभर टक्के खरं आहे, गाडी बुडाला कळते, डोळ्याला नंतर. एवढं साधं करून सांगणारा जुन्या तिघांत कोणी नव्हता. तेव्हा "काही उरलं होतं का" हा प्रश्न माझ्या दृष्टीने चुकीचा, गाड्यांचं बघायचं असेल तर नंतरचंच चांगलं होतं.

चौथागिअर:
अण्णा, पण आम्ही गाड्यांसाठी बघतच नव्हतो ना. मला आजही डबल क्लच म्हणजे काय ते धड सांगता येणार नाही.

मिस्त्रीअण्णा:
मग तुम्ही गप्पांचा कार्यक्रम बघत होता. तसं सांगा.

लेस्टरकर:
😀 अण्णांनी विकेट काढली.

कर्जतलोकल:
विकेटवरून आठवलं, फ्लिंटॉफ. २०१९ ला हॅरिसच्या जोडीला पॅडी मॅकगिनेस आणि इंग्लंडचा क्रिकेटर अँड्र्यू फ्लिंटॉफ आले. तोच, जो फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडेवर शर्ट काढून धूम पळत सुटला होता आणि ज्याचं उत्तर दादाने, म्हणजे गांगुलीने, लॉर्ड्सच्या बाल्कनीत दिलं. मी वानखेडेच्या त्या रागातच बघायला बसलो, नावं ठेवायच्या तयारीने. पहिल्याच एपिसोडला तिघं आपापल्या आयुष्यातल्या पहिल्या गाडीचं मॉडेल घेऊन इथिओपियात. आणि ते एकमेकांची खरंच खेचत होते हो, लिहून दिलेली नाही. पॅडी घाबरट, फ्लिंटॉफला भीती नावाची गोष्ट माहीत नाही, हॅरिस दोघांकडे बघून कपाळावर हात मारणारा. कोणी क्लार्कसन व्हायला बघत नव्हता. २०२० ला बीबीसीने शो मेन चॅनेलवर नेला तो उगाच नाही. मधला सूत्रसंचालक, फ्रेंड्समधला मॅट लेब्लांकपण वाईट नव्हता पण तो पाहुण्यासारखाच राहिला शेवटपर्यंत.

लेस्टरकर:
आणि त्याच भीती नसण्यावर शो बसवला ना मग. डिसेंबर २०२२, डन्सफोल्डलाच, तीनचाकी मॉर्गन उलटली, फ्लिंटॉफच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तोंडाची काय अवस्था झाली ती नंतर जगाने बघितली. ९० लाख पौंडांच्या भरपाईच्या बातम्या आल्या, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात बीबीसीने सांगितलं की शो तूर्तास होणार नाही. हॅरिस नंतर एका मुलाखतीत म्हणाला की मी आधीच सांगितलं होतं, असंच चालू राहिलं तर कोणाचातरी जीव जाईल. तीनचाकीचं तर पोरालाही कळतं, वळणावर कुठल्या बाजूला कलणार.

मिस्त्रीअण्णा:
रिक्षावाल्याला विचारा.

चौथागिअर:
हा अपघात वाचला होता, पण सीझन बघितले नव्हते, खरं सांगतो. तरी माझं मत तेच, ती पाटी बदलायला हवी होती. फ्लिंटॉफ नवीन नावाच्या शोमध्ये असता तर दर वेळी जुन्यांपेक्षा मोठा स्टंट करायचं ओझं आलं नसतं. हे माझं आपलं अनुमान.

कर्जतलोकल:
अनुमान राहू दे, इथिओपियावाला बघा आणि मग इथे लिहा. वीस मिनिटांत बंद करू नका फक्त.

चौथागिअर:
बघितला काल. पूर्ण. दोनदा मोठ्याने हसलो. बायको उठली नाही.